ड्यूटीवर दिसलेला जावई

आमच्या आबांना मांजर जरी घरात शिरलं तरी "कौन है?" असं विचारायची सवय होती. फौजेतली बरीचशी वर्षं त्यांनी कुठल्या कुठल्या गेटांवर पहारा देण्यात काढली. पेन्शनीत निघून रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परत आले तेव्हा बंदूक तिकडे जमा करून आले, पण पहारा काही जमा केला नाही. गुरवाने देवळातला प्रसाद आणून दिला, तरी आज कसला प्रसाद, कुणी दिला, का दिला, हे विचारल्याशिवाय ते तोंडात टाकत नसत. आम्ही बहिणी त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचो.

आक्काचं झालं आणि ते हसू बंद पडलं.

आक्का माझी थोरली बहीण. तिला मुंबईच्या गिरणीत असलेल्या मुलाला दिली होती. चौकशी रीतीप्रमाणे झाली. मुलाच्या गावी जाऊन आबांनी न्हाव्याला विचारलं, शाळामास्तरांना विचारलं, देवळाच्या पारावर बसून राहून चार माणसांचं बोलणं ऐकलं. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. सांगणारच, कारण तो गावात होता कधी? मुंबईला तो रातपाळी म्हणून जो घराबाहेर पडायचा, तो दुसऱ्या बिऱ्हाडी जायचा. तिथे त्याची बाई होती आणि चालायला लागलेलं पोर होतं. आबा मुंबईला गेले आणि आक्काला ट्रंकेसकट घेऊन आले. उंबऱ्यात उभं राहून ते आईला म्हणाले, "गेटवर मीच हुतो. माझ्या नाकाखालनं गेला." त्यानंतर आबांनी मुंबईचं नाव टाकलं आणि आक्काने बोलणं टाकलं. म्हणजे मुकी झाली असं नाही. जेवलीस का, म्हशीला पेंड घातली का, एवढं बोलायची. बाकी दिवसभर रानात राबायची.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आबा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. माझी मॅट्रिक झाली, स्थळं यायला लागली आणि आबा ती एकेक करून परत धाडायला लागले. एका घराच्या दाराला नवा रंग दिला होता, तर आतलं काय झाकायला दिला, म्हणून नाही. एका मुलाच्या आईने मुलाची फार स्तुती केली म्हणून नाही. एकीने अजिबात केली नाही, म्हणूनही नाही. गावातल्या माझ्या जोडीच्या पोरी बाळंतपणाला माहेरी यायला लागल्या आणि मी अजून अंगणात सडा घालत होते. मला रडू यायचं नाही, संताप यायचा. आबांचा यायचा, त्या गिरणीवाल्याचा यायचा, आणि खरं सांगायचं तर कधी कधी आक्काचाही यायचा.

तेवढ्यात सांगलीला दिलेल्या माझ्या आत्याच्या दिराने एक स्थळ आणलं. कृष्णाकाठचं गाव, घरचा ऊस, थोरला भाऊ शेती बघतो आणि धाकटा मुंबईला.

मुंबई म्हटल्यावर आबांनी पान थुंकायला म्हणून तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"आवं ऐका तरी," आत्याचा दीर म्हणाला, "मुलगा टीव्हीत हाय!"

"टीव्हीत म्हंजी कुठं?"

"टीव्हीत म्हणल्याव टीव्हीतच की. समदी दुनिया बघती."

आमच्या गावात टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. रेडिओ दोन-चार घरांत होता, त्यातून माणूस बोलतो एवढं माहीत होतं. आता म्हणे पेटीत माणूस दिसतो. त्या पेटीतला माणूस आमच्या घरी चहा प्यायला येणार म्हटल्यावर आईने लगबगीने भिंती सारवल्या आणि आबांनी लगबगीने संशय घ्यायला सुरुवात केली.

ते आले. आक्काला त्या दिवशी माजघरात बसवलं होतं. परत आलेली लेक अशा वेळी पुढे यायची नाही, अशी रीत. मला त्या रीतीचा तेव्हा राग आला होता आणि अजून येतो. पण माजघराच्या दाराला फट होती आणि आक्काला डोळे होते. मी मात्र समोर बसूनही मुलगा पाहिला नाही, कारण पाटावर बसलेल्या मुलीने मान वर करायची नसते. मला दिसले ते त्याचे पाय. स्वच्छ होते, नखं कापलेली होती. आवाज एकदाच ऐकला. सोप्यात मागच्या चुलीचा धूर येत होता आणि मला खोकल्याची उबळ आली होती. तेव्हा, मागाहून मला कळलं त्याप्रमाणे मान वाकडी करून आढ्याकडे बघत, तो म्हणाला, "त्यांना जरा तिकडं उजेडाला बसू द्या की. हितं धूर येतोय."

त्या एका वाक्यावर मी मनातून होकार देऊन टाकला. मला बघायला आलेल्या कुणालाही तोवर माझ्या डोळ्यांत धूर जातोय हे दिसलं नव्हतं.

आबांना त्याच वाक्यात खोट दिसली. "उजेडाला कशाला? बैल पारखाय आलाय व्हय?" हे ते मागाहून आईला म्हणाले. समोर त्यांनी मुलाला सरळ विचारलं, "टीव्हीत करता काय?"

"लायटिंगला असतो."

"म्हंजी वायरमन."

"तसंच म्हणा," मुलगा म्हणाला.

ते 'तसंच म्हणा' आबांच्या मनात बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. "तसंच म्हणा, म्हंजी तसं न्हाई," ते दोन दिवस घोकत राहिले. "वायरमन तर रहिमतपुरात बी हाय. खांबावर चढतो, समद्या गावाला दिसतो. काम करणारा माणूस कामावर दिसला पायजे. पहारेकरी गेटवर दिसला न्हाई तर त्यो पहारेकरी कसला?"

मुंबईत त्यांच्या पलटणीतला एक जण होता. त्याला निरोप धाडला, की जाऊन बघून ये. तो बिचारा गेला आणि टीव्हीच्या गेटवरूनच परत आला. आत सोडत नाहीत म्हणाला. झालं. "जिथं पहारेकरी आत सोडत न्हाई तिथं कायतरी लपवल्यालं असतंय," आबा म्हणाले. "मी सांगतो. मीबी सोडत न्हवतो." ते दिवस आणीबाणीचे होते. माणसं पारावरसुद्धा इकडे तिकडे बघून मग बोलायची, चारचौघांत कुणी नवा दिसला की गप्प व्हायची. सगळा देशच आमच्या आबांसारखा झाला होता. त्यामुळे आबांचं काही चुकतंय असं कुणालाच वाटेना.

शेवटी आबांनी ठरवलं, की मुलगा टीव्हीत आहे तर टीव्हीत बघायचा. दिवसभर बसायचं, पहिल्या कार्यक्रमापासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत. ड्यूटीवर दिसला तर सोयरीक, नाही दिसला तर रामराम.

पुढे आयुष्यभर मी या बेतावर हसले. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तो दिसला नाही तर माझं लग्न मोडणार होतं, आणि दिसला तरी मला ओळखू येणार नव्हता. टीव्हीत कुणाचे पाय दाखवत असतील असं मला वाटेना.

माझा मामा पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत मेसचा आचारी होता. शाळेच्या हॉलमध्ये टीव्ही होता. पुण्याकडून येणारं चित्र पाचगणीच्या उंचीवर जेमतेम पोचायचं. दिवाळीच्या सुटीत मुलं घरी गेली, की शाळा रिकामी. मामाने बड्या साहेबांची परवानगी काढली. आई म्हशीपाशी राहिली. आबांनी मला घेतलं, कारण मला घरी ठेवली तर मी रडत बसेन असं आईने सांगितलं होतं. आणि आक्काला घेतलं, कारण मुलाचं तोंड आबांखेरीज तिनेच पाहिलं होतं. फटीतून पाहिलेलं त्यांना माहीत होतं तर! पहारेकऱ्याच्या घरात चोरून काही होत नाही.

पहाटेच्या एसटीने सातारा, तिथून वाई, वाईहून घाट. पाचगणीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, तरी अंगात शिरशिरी भरत होती. मामाने चहा टाकतो म्हटलं. आबा म्हणाले, "आधी टीव्ही."

हॉलमध्ये एका टोकाला चार पायांचं एक लाकडी कपाट होतं. त्याला सरकती दारं होती आणि दाराला कुलूप. आबा त्याच्यासमोर बाकावर टोपी नीट करून बसले.

"दाजी, आत्ता काय दिसायचं न्हाई," मामा म्हणाला. "संध्याकाळी सुरू हुतंय."

आबांनी सावकाश मान वळवली. "संध्याकाळी?"

"व्हय. दिवस मावळताना. मग चार तासांत संपतंय."

"म्हंजी ह्येची बी रातपाळीच."

आक्का खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या सिल्व्हर ओकच्या झाडांकडे बघत उभी राहिली. रातपाळी हा शब्द आमच्या घरात विषारी होता, आणि तो आता माझ्या स्थळाला चिकटला होता. मला मामाच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण बोलून गेला होता बापडा.

दिवसभर आबा हॉलमधून हलले नाहीत. भाकरी तिथेच खाल्ली. मधूनच उठून कपाटाच्या मागे जाऊन बघून यायचे. मागून वायर कुठे जाते, ती भिंतीतून बाहेर कुठे निघते, खांबावरच्या त्या ॲल्युमिनियमच्या काड्या कुठल्या दिशेला तोंड करून आहेत, सगळ्याची पाहणी झाली. "दिवसभर बंद ठिवायचं आन कुलूप लावायचं," ते पुटपुटले, "आत असं हाय तरी काय?" मी मामाच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते आणि सोललेला लसूण पुन्हा सोलत होते. मामा मला चिडवायला म्हणाला, "काळजी नगं करूस. नवरा दिवे लावतो म्हणत्यात, लावू दे की! आपल्याकडं कितीजण नुसतंच दिवे लावून बसल्यात." मला हसू आलं नाही.

अखेर मामाने कुलूप काढलं, दारं सरकवली, बटण पिळलं. काच आधी काळी, मग करडी झाली आणि तिच्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं. मामा बाहेर जाऊन खांब फिरवायला लागला आणि आबा आतून हुकूम सोडायला लागले, "डावीकडं! आणखी! थम!" मुंग्या विरळ झाल्या. एक गोल खूण फिरत फिरत मोठी झाली, रडवेली अशी धून वाजली आणि दिवसाचा कार्यक्रम सुरू झाला.

पहिल्यांदा मुलांसाठी होतं. एक बाहुली बोलत होती आणि एक बाई तिच्याशी गप्पा मारत होती. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून बघत राहिलो. आबांनी बाहुलीकडे निरखून पाहिलं. "आतनं हात हाय कुणाचातरी."

"असणारच की," मामा म्हणाला.

"कुणाचा?"

आबांनी तो हात संशयितांत जमा केला.

मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. एक शेतकरी उसाच्या किडीबद्दल बोलत होता. धोतर कडक इस्त्रीचं, पागोटं कोरं करकरीत. आबा पुढे वाकले. "ह्यो शेतकरी न्हाई. नखात माती न्हाई ह्येच्या. ऊस कुठल्या अंगानं धरायचा ह्ये बी ठावं न्हाई." खरंच त्या माणसाने उसाचं कांडं बासरी धरावी तसं धरलं होतं. "बघा! इथं शेतकरीच खोटा, तर वायरमन कुठला खरा असायचा?" मला वाटलं, तो कांडं नीट धरता तर त्याचं काय जात होतं! माझं लग्न एका परक्या माणसाच्या बोटांवर आलं होतं.

त्यानंतर कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाची ती जाहिरात लागली. काळ्या-पांढऱ्या काचेवर त्रिकोण काळाच दिसत होता, पण तो कसला हे त्या वर्षी शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोन लेकींच्या देखत आबा खोकायला लागले. जाहिरात संपेपर्यंत त्यांना खोकल्याची उबळ आवरली नाही.

बातम्या लागल्या तेव्हा आबा ताठ बसले. बातम्या सांगणारी बाई सरळ त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना कुणी असं रोखून बघितलेलं खपत नसे. ते तिच्याकडे तसेच रोखून बघत राहिले. देशात सगळं ठीक चाललं होतं. गाड्या वेळेवर धावत होत्या, धान्य भरपूर पिकलं होतं, लोक आनंदात होते. "समदं बरंच सांगतीया," आबा म्हणाले, आणि आक्काकडे एकदा बघून त्यांनी खाली मान घातली. न्हाव्याने आणि मास्तरांनीही समदं बरंच सांगितलं होतं.

आता बाहेर पुरता अंधार पडला होता. मुलगा काही दिसला नव्हता. दिसणार कसा? मला तेव्हाच मनातून उमजलं होतं, की दिवा धरणारा माणूस दिव्याच्या मागे असतो. पण मी कोण सांगणारी? लग्नाच्या मुलीने नवऱ्या मुलाची बाजू घेतली, तर तो आणखी एक संशय. आक्का माझ्या शेजारी बसली होती, गुडघ्यांभोवती हात गुंफून.

मग एक भजनी मंडळ आलं. मधोमध म्हातारे बुवा, मागे टाळकरी. बुवांनी डोळे मिटून तान घेतली आणि त्यांच्या अर्ध्या तोंडावरचा उजेड गेला. एक गाल दिसतोय, दुसरा काळा. बुवांना पत्ताच नाही. ते गातायत. इतक्यात डाव्या बाजूने एक माणूस वाकून आत आला. मान वाकडी करून त्याने वर पाहिलं, हात उंचावला, काहीतरी फिरवलं. उजेड परत आला आणि माणूस आला तसा वाकून गेला.

"हॉल्ट!" आबा ओरडले.

तो थांबला नाही. बुवा गात राहिले.

हॉलमध्ये एकच गलका झाला. मामा म्हणाला, "दाजी, हाच की वो! दिवा नीट करून गेला!" मामाने मुलाला कधी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याची साक्ष फुकट गेली. आबा काचेला नाक लावण्याइतके जवळ गेले. मग सरळ उभे राहिले आणि हळूहळू मान हलवायला लागले. "न्हाई. ह्यो न्हाई. त्यो उंच हुता. ह्येची चण ल्हान हाय. आपल्याला सांगितलं त्यो माणूस ह्यो न्हवं."

मी काचेकडे बघत होते, बुवा दिसत होते आणि काहीच दिसत नव्हतं. सडा, म्हैस, सोपा, पुढचं आणखी एक स्थळ, आणखी एक चहा, हे सगळं मला दिसायला लागलं. मला वाटलं, आता हे असंच होणार, जन्मभर.

"त्योच हाय," आक्का म्हणाली.

आबा वळले. आक्काने आपणहून एखादं वाक्य बोलून कित्येक महिने झाले होते.

"कशावरनं?"

"मान वाकडी करून वर बघितलं न्हाई का? आपल्या सोप्यात बी तसंच आढ्याकडं बघत हुता. तशी मान कोण करतंय? वाकल्यामुळं ल्हान दिसला. त्योच हाय, आबा."

"नक्की?"

"मी एकदा बघितल्यालं तोंड इसरत न्हाई," आक्का म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उलटतपासणी सुरू होणार. पण त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि ते बाकावर बसले. जी लेक फसवली गेली, ती सांगते आहे. आता याच्या पलीकडे चौकशी ती कुठली? दमलेल्या आवाजात ते म्हणाले, "मग बंद करा त्ये. पोरगा ड्यूटीवर हाय." पुढचे कार्यक्रम त्यांनी बघितले नाहीत. भाकरीनंतर तोंडात धरून ठेवलेली सुपारी त्यांनी तेवढी बाहेर जाऊन थुंकून टाकली.

गावी परतल्यावर सांगलीला निरोप गेला आणि वैशाखात माझं लग्न झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं.

मुंबईला माझा संसार सुरू झाला. ते दुपारी कामावर जायचे आणि टीव्ही बंद झाल्यावर परत यायचे. पहिलं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. मी आबांचीच लेक. ते झोपले की मी त्यांचा शर्ट हुंगून बघायचे. शर्टाला तापलेल्या पत्र्याचा वास यायचा. बोटांवर दिव्यांचे चटके असायचे, ते मी मोजल्यासारखे निरखायचे. घरी यायला उशीर झाला की मी दाराशी उभी, आणि कुठे होता, कुणाबरोबर होता, का उशीर झाला. त्यांनी एकदाही चिडून उत्तर दिलं नाही. त्याचाही मला संशय यायचा. आणि प्रत्येक वेळी मन शांत करायला मी तोच दाखला काढायचे. आपण यांना कामावर पाहिलंय. आक्काने ओळखलंय. आक्काचा डोळा चुकायचा नाही.

एका सुटीच्या सकाळी मी त्यांना ती भजनाची गोष्ट लाडात येऊन सांगितली. तोवर मी कधी बोलले नव्हते. ते दाढी करत होते. वस्तरा थांबवून हसायला लागले.

"मी? कॅमेऱ्यापुढं? आगं, हाकलून देतील. त्यो नवीन पोऱ्या हुता कोणतरी. त्येला त्या दिवशी लय बोलणी बसली म्हणं."

"म्हणं?"

"मी कुठं हुतो तिथं? त्या दिवाळीला मी गावाकडं. दादाच्या उसाला तोड आलती."

ते पुन्हा दाढी करायला लागले. मी मात्र ओट्याला धरून उभी राहिले. ज्या एका गोष्टीवर मी हा संसार उभा केला होता, ती गोष्टच नव्हती. आबा बरोबर होते. तो माणूस तो नव्हता. आणि आक्काचा डोळा चुकला होता, किंवा चुकला नव्हता आणि ती जाणूनबुजून खोटं बोलली होती. यातलं दुसरं मला सहन होईना.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा आबा पारावर बसून कुणाला तरी तीच कथा सांगत होते. जावई ड्यूटीवर कसा पकडला, याची. कथेत आता जावयाने त्यांना सलामसुद्धा ठोकला होता. मी तशीच रानात गेले. आक्का बांधावर भुईमुगाचे वेल पुढ्यात घेऊन शेंगा तोडत होती.

"आक्का, पाचगणीला टीव्हीत दिसला, त्यो आमचा मालक न्हवता. ह्ये त्या दिवशी गावाला हुते."

तिने हातातला वेल झटकला. "आसंल."

"आसंल? तू तर म्हणालीस, मी तोंड इसरत न्हाई."

"तोंड बघितलं तर इसरीन ना," ती म्हणाली. "मी कुठं टीव्हीकडं बघत हुते? मी तुझ्याकडं बघत हुते. आबा न्हाई म्हणाले आन तुझं तोंड असं झालं, की मला बघवंना."

"आन ती मान वाकडी केल्याली?"

"ती बुवांच्या तोंडावरचा उजेड गेला तवा जरा नदर गेली. तेवढंच."

मी भडकले. आबांनी माझ्यासाठी घाट चढून दिवसभर पहारा दिला आणि हिने आतून कडी काढून दिली. तेसुद्धा हिने! जिला फसवण्याने काय होतं हे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यात जास्त ठाऊक होतं, तिने. "तुला काय वाटलं न्हाई गं?" मी ओरडले. "त्यो बी तसलाच निघाला असता म्हंजी? दुसरं बिऱ्हाड असतं म्हंजी? माझं काय झालं असतं?"

शेंगा तोडता तोडता आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "आली असतीस परत. मी हुतेच की हितं." आणि आणखी एक वेल ओढून घेत म्हणाली, "खोटं कशाला बोलू? एक मन म्हणायचं, येऊ दे परत. दोघी झालो असतो."

मला तिचा इतका राग आला, की तिच्या पुढ्यातले सगळे वेल उचलून ओढ्यात फेकून द्यावेत. आणि इतकं भरून आलं, की तिथेच बांधावर मी तिला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला पत्र टाकलं, की आणखी महिनाभर इकडेच राहते. का राहते ते लिहिलं नाही. संशय घ्यायचा असेल तर आता त्यांनी घ्यावा.